लाकडी कॅबिनेट, आत स्पीकर: कोणते काम आधी आणि कोणते नंतर

संगणकासाठी लाकडी कॅबिनेट करायचे आणि त्यातच स्पीकर बसवायचे, असे ठरवणारे बहुतेक जण पहिल्यांदा वखारीत जातात. मनाजोगी फळी घेऊन येतात, सुताराकडून सुबक पेटी बांधून घेतात आणि मग मदरबोर्ड आत ठेवून पाहतात. तेव्हा कळते की मागच्या पोर्टपर्यंत प्लग पोचत नाही, पंख्याला हवा मिळत नाही, स्पीकरचा आवाज बोदा येतो आणि माउस हलवला की त्यातून किरकिर ऐकू येते. हे चारही दोष लाकूडकामातले नसून क्रमातले आहेत. लाकूड या कामात शेवटी कापायचे असते, आणि जी पेटी बाहेरून एक दिसते ती आतून तीन स्वतंत्र पेट्यांची असावी लागते: दोन्ही टोकांना स्पीकरचे पूर्ण बंद कप्पे आणि मधे संगणकाचा हवेशीर कप्पा.

पुढील मापे मिनी-आयटीएक्स (लहान, चौरस) मदरबोर्ड, एसएफएक्स (लहान आकाराचा) पॉवर सप्लाय आणि ३ इंची दोन स्पीकर यांच्या आडव्या पेटीची आहेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावायचे असल्यास मापे बदलतील, क्रम मात्र तोच राहील.

टप्पा १: सुटे भाग आधी, आणि चालू स्थितीत

मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर, पॉवर सप्लाय, एसएसडी, पंखे, स्पीकर, अॅम्प्लिफायरची पाटी (सर्किट बोर्ड), व्हॉल्यूमचे बटण आणि पॉवरचे बटण हे सगळे भाग हातात आल्याशिवाय कागदावर एक रेघही ओढू नये. मदरबोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून संगणक आधी उघड्यावर चालू करावा व तासभर चालू द्यावा. सदोष रॅम किंवा बिघडलेला पॉवर सप्लाय पेटी बंद झाल्यावर सापडला, तर दोष लाकडाच्या माथी मारला जातो आणि झाकण दहा वेळा उघडावे लागते.

प्रमाणित मापे अशी आहेत. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमी असतो. एसएफएक्स पॉवर सप्लाय १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच आणि १०० मिमी खोल असतो. मागच्या पोर्टांसाठीची चौकट १५८.७५ × ४४.४५ मिमी असते. स्क्रूच्या भोकांमधले अंतर १२० मिमीच्या पंख्यात १०५ मिमी आणि ९२ मिमीच्या पंख्यात ८२.५ मिमी असते. स्पीकरच्या भोकाचे माप मात्र प्रमाणित नाही. तीन इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या स्पीकरांना वेगवेगळी भोके लागतात, म्हणून ते माप माहितीपत्रकावरून किंवा व्हर्नियरने स्वतः घ्यावे.

फिरती हार्ड डिस्क या पेटीत घेऊ नये. लाकडाच्या एकाच फळीवर स्पीकर आणि डिस्क असले की स्पीकरची थरथर डिस्कपर्यंत जाते आणि तिच्या वाचण्या-लिहिण्यात अडथळा येतो.

*सावध:* पॉवरचे बटण दाबले की जोडणारे आणि सोडले की तोडणारे हवे. दारावरच्या घंटीचे बटण चालते, दिव्याचे चालत नाही. दाबलेले राहणारे बटण लावले, तर संगणक चालू होऊन साधारण चार सेकंदांत आपोआप बंद पडतो आणि माणूस पॉवर सप्लाय बदलत बसतो.

टप्पा २: कागदावरचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा. मी स्वतः एक पूर्ण रविवार देतो आणि तो कधी वाया गेलेला नाही.

बाहेरचे माप ५६० मिमी रुंद, २४० मिमी खोल आणि २०० मिमी उंच धरू. प्लाय १२ मिमीचा धरला, तर आतली उंची १७६ आणि आतली खोली २१६ मिमी उरते. रुंदीतून दोन बाजूंच्या व दोन आडभिंतींच्या मिळून चार जाड्या, म्हणजे ४८ मिमी वजा केल्या की ५१२ मिमी राहतात. दोन्ही टोकांना प्रत्येकी १०० मिमीचा स्पीकरचा कप्पा दिल्यावर मधल्या कप्प्याला ३१२ मिमी मिळतात. त्यात मागच्या भिंतीलगत बोर्ड १७० आणि पॉवर सप्लाय १२५, असे २९५ मिमी शेजारी शेजारी बसतात व १७ मिमी मोकळे राहतात. बोर्डाच्या पुढे ४६ मिमी जागा उरते, तिच्यात २५ मिमी जाडीचा पंखा मावतो. पॉवर सप्लायच्या पुढे ११६ मिमी उरतात. ही जागा वायरींची आहे. ती रिकामी दिसते म्हणून पेटी लहान करण्याचा मोह आवरावा, कारण पॉवर सप्लायच्या वायरींचा जुडगा ताठ असतो आणि त्याला वळायला जागा लागते.

आता स्पीकरचा कप्पा. १०० × १७६ × २१६ मिमी म्हणजे ३.८ लिटर. स्पीकरचे मागचे धड व आतल्या पट्ट्या यांचे सुमारे ०.३ लिटर वजा केल्यास ३.५ लिटर हवा उरते. ही हवा त्या स्पीकरला योग्य आहे की नाही, हे अंदाजाने ठरवायचे नसते. माहितीपत्रकात व्हीएएस (Vas, स्पीकरच्या पडद्याइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये) आणि क्यूटीएस (Qts, पडद्याची थरथर किती आवरली जाते त्याचे माप) असे दोन आकडे असतात. ०.७०७ ला क्यूटीएसने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येने व्हीएएसला भागावे, म्हणजे बंद पेटीचे योग्य आकारमान मिळते. समजा, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३.५ लिटर आहे. ०.७०७ भागिले ०.५ म्हणजे १.४१४, त्याचा वर्ग २, त्यातून १ गेला की १, आणि उत्तर ३.५ लिटर. असा स्पीकर या कप्प्यात चपखल बसेल. उत्तर कप्प्यापेक्षा बरेच मोठे आले तर मधला आवाज फुगीर येतो आणि खालचा खर्ज लवकर संपतो. अशा वेळी कप्पा रुंद करावा किंवा स्पीकर बदलावा. माहितीपत्रकच नसलेला स्पीकर स्वस्त मिळाला तरी या कामासाठी घेऊ नये.

कप्पा पूर्ण बंद का हवा, हे नीट समजून घ्यावे, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची ही उलटी लहर जाळीतून किंवा पंख्याच्या भोकातून बाहेर येऊन पुढच्या लहरीला मिळाली की दोन्ही एकमेकींना खातात. खर्जाचे स्वर लांब लहरींचे असतात, त्यामुळे ते सर्वांत आधी नाहीसे होतात. स्पीकर आणि संगणक एकाच मोकळ्या पेटीत ठेवल्यास तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही, नुसती चाट ऐकू येते. अॅम्प्लिफायर मोठा लावून हा दोष जात नाही.

*तपासणी:* पुठ्ठ्याची पूर्ण मापाची पेटी करून त्यात सगळे भाग ठेवून पाहावेत. मागचे प्लग लावून पाहावेत, झाकणाच्या तोंडातून हात आत घालून रॅम काढता येते का, हेही पाहावे.

टप्पा ३: माप सांगण्याची भाषा

बेळगाव शहरात किंवा निपाणी, चिकोडीकडे सुताराशी मराठी-कानडी कशीही मिसळून बोलले तरी काम अडत नाही. अडते ते मापाशी. सुताराचे माप इंच आणि सुतात चालते, एका इंचाची आठ सुते, म्हणजे एक सूत जवळपास ३.१८ मिमीचे. संगणकाची मापे मिलिमीटरमध्ये असतात. पोर्टांची चौकट योगायोगाने अगदी सुतात बसते: ६ इंच २ सूत रुंद आणि १ इंच ६ सूत उंच. बोर्डाचे १७० मिमी मात्र ६ इंच साडेपाच सुताच्या आसपास पडतात, आणि तेथे अर्धे सूत इकडचे तिकडे होणे म्हणजे दीड मिलिमीटरची चूक. दाराच्या चौकटीत ती खपते, स्क्रूच्या भोकात खपत नाही.

माझ्या पहिल्या पेटीत नेमके हेच झाले. मी आकडे तोंडी सांगितले, समोरच्या कारागिराने ते मनातल्या मनात सुतात बदलले आणि आडभिंत चार मिलिमीटर सरकली. पॉवर सप्लाय शेवटी बसला, पण कानसने घासून घासून. चूक माझीच होती. तेव्हापासून मी प्रत्येक फळीचा पूर्ण मापाचा कागद कापून नेतो आणि तोच फळीवर चिकटवून कापायला सांगतो.

प्लायची जाडीही गृहीत धरू नये. १२ मिमी म्हणून मिळणारा प्लाय व्हर्नियरवर अनेकदा अर्धा मिलिमीटर कमी भरतो. प्लाय घरी आल्यावर मोजावा, टप्पा २ मधला हिशेब खऱ्या जाडीने पुन्हा करावा आणि मगच कागद कापावेत.

टप्पा ४: लाकडाची निवड

सांगाडा प्लायचा आणि दर्शनी भाग अस्सल लाकडाचा, ही जोडी मला सर्वांत निर्धोक वाटते. सांगाड्यासाठी निदान बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा १२ मिमी प्लाय घ्यावा. एकूण लागणारे क्षेत्रफळ साडेसहा चौरस फुटांच्या आसपास भरते, तेव्हा ८ × ४ फुटी आख्खी शीट घेण्याची गरज नाही. दहा चौरस फुटांचा कटपीस पुरतो. एमडीएफ आवाजाला चांगला असला, तरी खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात, त्याच्या उघड्या कडा ओल धरून फुगतात. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत तो वापरायला माझी हरकत नाही.

पूर्ण पेटी सागवानाचीच हवी असा आग्रह असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आटते. २४० मिमी रुंदीची सागवानी फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटर सहज हलू शकते. तिला चारही बाजूंनी घट्ट चिकटवले की ती सांधा उकलते किंवा स्वतः तडकते, आणि मग स्पीकरचा बंद कप्पा बंद राहत नाही.

दर्शनी पट्ट्यांसाठी जुन्या घराच्या दारा-खिडक्यांचे सागवान किंवा फणस मिळाले तर फार चांगले, कारण ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. मात्र त्यात मोडके खिळे दडलेले असतात. रंधा लावण्यापूर्वी जुन्या स्पीकरचे चुंबक सगळ्या फळीवरून फिरवावे. नवे लाकूड वखारीतून घेतल्यास पावती घ्यावी आणि फळ्या मधे काड्या घालून महिनाभर घरातच, जेथे संगणक राहणार त्याच खोलीत रचून ठेवाव्यात.

टप्पा ५: पत्र्याचे काम

मदरबोर्ड थेट लाकडावर बसवणे ही दुसरी मोठी चूक होय. पोर्टांभोवतीची पातळ चौकट सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात खटकन बसण्यासाठी केलेली असते. १२ मिमी लाकडात ती बसत नाही, आणि बसवलीच तर पोर्ट इतके आत राहतात की प्लग पूर्ण जात नाही. शिवाय धातूच्या कॅबिनेटमध्ये बोर्ड स्क्रूंमार्फत अर्थशी जोडला जातो. लाकडात ती जोडणी नाहीशी होते.

सर्वांत सोपा उपाय भंगारात आहे. जुने एटीएक्स (नेहमीच्या मोठ्या मापाचे) कॅबिनेट घ्यावे आणि बोर्ड बसतो तो पत्रा व त्याला काटकोनात जोडलेला मागचा पत्रा हे दोन्ही न सोडवता एकत्र, इंग्रजी एल आकारात कापून काढावेत. त्यात बोर्डाची भोके, बोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी ठोकळ्यांची उंची आणि पोर्टांची चौकट यांचे परस्परांशी असलेले अंतर आयते बरोबर असते. पोर्टांच्या चौकटीशेजारी पंख्याची जागाही अनेकदा असते. पत्रा आडवा ठेवला की ती जागा चौकटीच्या वर येते आणि आपल्या १७६ मिमी उंचीत ९२ मिमीचा पंखा तेथे मावतो. असे कॅबिनेट मिळाले नाही तर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून-वाकवून देणाऱ्या वर्कशॉपमधून १८ किंवा २० गेजच्या पत्र्यात हे करून घ्यावे. तेथेही कागद मिलिमीटरचाच द्यावा. पॉवर सप्लायच्या मागच्या तोंडासाठी वेगळी छोटी पट्टी करावी.

*सावध:* पत्रा ग्राइंडरने कापताना चष्मा लावावा आणि हे काम लाकडाच्या भुशापासून दूर, उघड्यावर करावे. कापलेल्या कडा कानसने मारून घ्याव्यात. पत्र्याचा बारीक चुरा बोर्डाखाली राहिला, तर पहिल्याच दिवशी शॉर्ट होतो.

टप्पा ६: कापणी आणि भोके

फळ्यांची यादी अशी: वर व खाली ५६० × २४०, दोन बाजू २४० × १७६, पुढची व मागची ५३६ × १७६, दोन आडभिंती २१६ × १७६. वरची फळी तीन तुकड्यांत कापावी. दोन्ही टोकांचे ११८ मिमीचे तुकडे स्पीकरच्या कप्प्यांवर कायमचे चिकटतील आणि मधला सुमारे ३२४ मिमीचा तुकडा झाकण होईल. एकाच फळीतून कापल्यामुळे रेषा सलग दिसतात. झाकण आडभिंतींवर फक्त ६ मिमी टेकते, म्हणून आडभिंतींना आतून १२ × १२ मिमीच्या पट्ट्या लावाव्यात आणि स्क्रू त्यांच्यात घ्यावेत.

सगळी भोके फळ्या सुट्या असतानाच पाडावीत. पेटी चिकटल्यावर जिगसॉ कोपऱ्यात शिरत नाही आणि होल-सॉच्या हिसक्याने ताजा सांधा उकलतो. पुढच्या फळीत स्पीकरची दोन भोके, पंख्याचे ११० मिमीच्या आसपासचे एक भोक, व्हॉल्यूम आणि पॉवरची भोके येतात. मागच्या फळीत पत्र्यासाठी खिडकी येते, ती पोर्टांच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी निदान १५ मिमी मोठी असावी, म्हणजे प्लग धरलेली बोटे आत जातात. मागच्याच फळीत पॉवर सप्लायची खिडकी आणि अॅम्प्लिफायरच्या अडॅप्टरचे भोक पाडावे. खालच्या फळीत पॉवर सप्लायच्या पंख्याखाली खिडकी ठेवावी, आणि पेटीला २० ते २५ मिमी उंचीचे पाय द्यावेत.

येथे दोन बारकावे नेहमी राहून जातात. व्हॉल्यूमच्या बटणाची आटे असलेली मान जेमतेम सहा-आठ मिलिमीटर असते, ती १२ मिमी फळीतून बाहेर येतच नाही. त्यासाठी फळी मागून पटाशीने किंवा सपाट तळाच्या ड्रिलने कोरून तेथे तीनच मिलिमीटर जाडी ठेवावी. पॉवरच्या बटणालाही हेच लागू. दुसरा बारकावा असा की छोट्या स्पीकरच्या मागच्या खिडक्या १२ मिमी खोल भोकाच्या भिंतीने झाकल्या जातात आणि त्याचा श्वास कोंडतो. भोकाची मागची कड मरफ्याने (लाकडाच्या खरबरीत कानसने) ४५ अंशात उतरवावी.

*तपासणी:* चिकटवण्याआधी सगळी पेटी चिकटपट्टीने उभी करावी, कर्ण मोजावेत आणि प्रत्येक भाग जागेवर ठेवून पाहावा. दोन कर्णांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर कोणती कड चुकली आहे ते गुण्या (काटकोनी पट्टी) लावून शोधावे.

टप्पा ७: चिकटवणी

खालची फळी, दोन आडभिंती, मागची फळी, पुढची फळी, बाजू आणि शेवटी वरचे दोन तुकडे, असा क्रम ठेवावा. पांढरा सरस दोन्ही कडांना पातळ लावावा, गुण्याने काटकोन पाहत क्लॅम्प आवळावेत आणि रात्रभर हात लावू नये. क्लॅम्प इतके आवळू नयेत की सगळा सरस बाहेर पिळून निघेल.

स्पीकरच्या कप्प्यांच्या आतल्या प्रत्येक सांध्यावर वरचा तुकडा बसण्यापूर्वी बोटाने सरसाची दुसरी रेघ फिरवावी. वायरीसाठी आडभिंतीत छोटे भोक पाडून वायर आताच ओवून ठेवावी आणि भोक दोन्हीकडून सिलिकॉनने बुजवावे. हे विसरून वरचा तुकडा चिकटवला, तर पुढे स्पीकरच्या तीन इंची भोकातून हात घालून हे करावे लागते आणि हात जात नाही.

टप्पा ८: पॉलिश

पॉलिश दसऱ्यानंतर करावे. पावसाळी दमट हवेत लाखेच्या किंवा लॅकरच्या पॉलिशवर पांढरट झाक येते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २२० वर थांबावे, खाचा लांबीने (पुट्टीने) भराव्यात आणि संगणकाच्या कप्प्याच्या आतूनही एक हात द्यावा, म्हणजे प्लाय दोन्ही बाजूंनी सारखीच ओल घेतो व वाकत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत आत काहीही बसवू नये.

टप्पा ९: स्पीकर आणि अॅम्प्लिफायर

प्रत्येक कप्प्यात पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरावा, ठासू नये. स्पीकरच्या चौकटीखाली फोमची पट्टी गोल फिरवून स्क्रू समोरासमोरचे एकेक करत आवळावेत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे धन टोक ज्या टोकाला लावल्यावर पडदा बाहेर येतो, ते स्पीकरचे धन टोक. दोन्ही स्पीकरांत ही खूण सारखी असावी. एक उलटा लागला, तर आवाज येतो, पण गायक समोर उभा असल्यासारखा न वाटता खोलीभर पसरतो आणि खर्ज गळून पडतो.

*तपासणी:* पडदा दोन्ही बाजूंच्या बोटांनी समतोल, हलकेच आत दाबून सोडावा. कप्पा बंद असेल तर तो किंचित रेंगाळत परत येतो. झटकन परत आला, तर कोठेतरी फट आहे. संथ खर्जाचा स्वर वाजवत उदबत्ती सांध्यांजवळून फिरवली की धूर जेथे थरथरतो, ती फट.

अॅम्प्लिफायरसाठी टीपीए ३११६ चिपची छोटी पाटी पुरेशी आहे आणि ती १२ ते २४ व्होल्टवर चालते. ती पुढच्या फळीला आतून, पॉवर सप्लायच्या बाजूस, वरच्या भागात लावावी. या चिपची स्पीकरकडे जाणारी चारही टोके जिवंत असतात. दोन्ही स्पीकरांची ऋण टोके एकत्र बांधणे किंवा त्यांतले एखादे पत्र्याला लावणे म्हणजे पाटी जाळणे होय. जुन्या अॅम्प्लिफायरांची सवय असलेले मेकॅनिक हीच चूक हमखास करतात, म्हणून काम त्यांच्याकडे देताना हे स्पष्ट सांगावे.

आता किरकिर. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले १२ व्होल्ट अॅम्प्लिफायरला दिले की दोघांची जमीन (ग्राउंड) दोन वाटांनी जोडली जाते: एक पॉवरच्या वायरीतून, दुसरी आवाजाच्या वायरीतून. या वळशात प्रोसेसरचा आणि माउसचा गोंगाट शिरतो. म्हणून अॅम्प्लिफायरला १९ किंवा २४ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा. तो दोन पिनांचा असावा, कारण तीन पिनांच्या काही अडॅप्टरांत ऋण टोक अर्थला जोडलेले असते आणि वळसा परत येतो. अडॅप्टर पेटीबाहेर ठेवावा, आत फक्त त्याची कमी व्होल्टची वायर यावी. लाकडी पेटीत २३० व्होल्टची उघडी जोडणी कोठेही नसावी. १२ व्होल्टच वापरायचे असतील, तर आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घालावा, त्यातील छोटे ट्रान्सफॉर्मर ती दुसरी वाट तोडतात. आवाजाची वायर जाळीदार आवरणाची घ्यावी आणि पॉवर सप्लायच्या जुडग्याला समांतर नेऊ नये.

स्पीकरसमोर लावायचे कापड तोंडाशी धरून श्वास घ्यावा. श्वास सहज आला तर आवाजही जाईल. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या मागांवरचे दाट विणीचे लुगडे कितीही देखणे असले, तरी येथे उपयोगाचे नाही.

टप्पा १०: अर्थिंग, हवा आणि पहिला दिवस

बोर्डाच्या पत्र्यावरचा रंग एका जागी खरवडून तेथून पॉवर सप्लायच्या धडाच्या स्क्रूपर्यंत हिरवी वायर गोल लगांनी (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्यांनी) जोडावी. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नये, कारण बंद असतानाही त्यातल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

*तपासणी:* प्लग भिंतीतून काढून मल्टिमीटरने प्लगची जाड पिन आणि पत्रा यांच्यातला रोध मोजावा. तो एक ओहमच्या आत असावा. चालू संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष बहुधा घराच्या सॉकेटमध्ये आहे. जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. वायरमनकडून ते तपासून घेईपर्यंत पेटी वापरू नये.

पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा. पंख्याच्या चौकटीवर बाणाची खूण असते, ती पाहावी. प्रत्येक भोकाला बारीक जाळी लावावी, कारण उबदार पेटीत पाली आणि मुंग्या आवडीने येतात. झाकण लावून उदबत्ती पुढे धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे आणि मागून बाहेर आला पाहिजे. झाकणाच्या कडेतून धूर येत असेल, तर कडेला फोमची पट्टी लावावी.

त्यानंतर संगणकाला अर्धा तास जड काम द्यावे आणि प्रोसेसरचे तापमान एकदा झाकण काढून व एकदा झाकण लावून पाहावे. दोहोंत दहा अंशांपेक्षा जास्त फरक आला, तर भोके कमी पडत आहेत असा माझा ठोकताळा आहे. अशा वेळी पंख्याचा वेग वाढवण्याआधी समोरचे कापड काढून पाहावे, कारण बऱ्याचदा अडथळा तेथेच असतो. अॅम्प्लिफायर नेहमी संगणकानंतर चालू करावा आणि आधी बंद करावा, म्हणजे स्पीकरला धप्प असा झटका बसत नाही.

पहिल्या पावसाळ्यात स्पीकरचे आणि झाकणाचे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. श्रावणात सागवानी पट्टीचे झाकण अडकू लागले, तरी त्याला रंधा लावू नये. झाकण ओढून काढावे, कडेला मेण चोळावे आणि दिवाळीनंतर पुन्हा लावून पाहावे. तोवर पट्टी आटलेली असते आणि पावसाळ्यात तासलेले झाकण त्या वेळी सैल होऊन स्पीकरबरोबर खडखडू लागते.